दोन मुलं, एक आजी, दहा दिवस लंडन: २२ ठिकाणांच्या यादीचं काय करायचं?

प्रश्न मुलुंडच्या एका ताईंचा आहे. मे महिन्यात दहा दिवसांसाठी लंडनला जायचं चाललंय. सोबत नवरा, सात वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि ६६ वर्षांच्या सासूबाई. बहिणीने २२ ठिकाणांची यादी करून दिलीय आणि त्यात दोन दिवस पॅरिसही घातलंय. चुलत दीर लंडनच्या हॅरो या उपनगरात राहतात, ते म्हणतात, "हॉटेल कशाला, आमच्याकडेच उतरा." ताईंनी विचारलंय, हे सगळं जमेल का, राहायचं कुठे आणि मुलांच्या खाण्याचं काय करायचं?

गेली १९ वर्षं मी पार्ल्यात कुटुंबांच्या परदेश सहली आखून देते. माझी मुलं लहान असताना त्यांना घेऊन मी स्वतः दोनदा लंडनला गेले आहे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

२२ ठिकाणं जमणार नाहीत. आठ-नऊ जमतील आणि ती नीट जमतील. पॅरिस तर आजच यादीतून काढा. त्यासाठी पाचही जणांचा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या देशांचा, व्हिसा वेगळा काढावा लागतो. आगगाडी सव्वादोन तासांत पोहोचवते हे खरं, पण त्याआधीची पासपोर्ट तपासणी, सामानाची बांधाबांध, दोन्हीकडची हॉटेलं धरली तर दहातले तीन दिवस त्यातच जातात. मुलं मोठी झाली की पॅरिसला वेगळं जा.

आता तीन वर्षांच्या मुलीचा दिवस कसा असतो ते बघू. माझ्या अनुभवात या वयाच्या मुलाला परक्या शहरात दिवसाचे पाच चांगले तास मिळतात. सकाळी तीन, दुपारच्या झोपेनंतर दोन. त्यापलीकडे ते चिडतं, रडतं, जमिनीवर बसकण मारतं, आणि मग मोठी माणसं एकमेकांवर चिडतात. म्हणून सहल ठिकाणांत न मोजता या तासांत मोजा. दहा दिवसांतला पहिला आणि शेवटचा प्रवासात जातो. उरलेल्या आठ दिवसांत रोज सकाळी एक मोठी गोष्ट आणि संध्याकाळी बाग, बस किंवा नदीकाठ. एवढंच.

पहिले तीन दिवस तर शरीराच्या घड्याळाचेच असतात. मे महिन्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. मुंबईत सकाळचे सात वाजले की तिथे रात्रीचे अडीच. म्हणजे रोज सातला उठणारी मुलं तिथे अडीच-तीनला टक्क जागी होतात आणि संध्याकाळी पाच-सहाला पेंगायला लागतात. त्यांना दटावून झोपवण्यात अर्थ नसतो, त्यांचं शरीर खरंच जागं झालेलं असतं. पहिल्या दोन रात्री दुधाची आणि खाऊची सोय उशाशी ठेवा, रंगाची वही बाहेर काढा. साधारण पाचला उजाडतं. हाइड पार्क आणि सेंट जेम्स पार्क पहाटे पाचलाच उघडतात. सहा वाजता, गर्दी नसताना, बदकांमागे पळणारी मुलं बघायला मिळणं हे मला लंडनमधलं सगळ्यात मोठं सुख वाटतं. रात्री उलटी अडचण येते. पावणेनऊ-नऊपर्यंत बाहेर उजेड असतो आणि मुलांना "अजून दिवस आहे" हे दिसत असतं. एक गडद चादर आणि कपडे वाळत घालायचे आठ-दहा चिमटे बॅगेत टाका, खिडकीवर लावता येतात.

विमानही हाच विचार करून निवडा. मुंबईहून पहाटे दोन-तीनला सुटणारी विमानं सकाळी लंडनला पोहोचतात. लोकांना वाटतं, वा, अख्खा दिवस मिळाला. पण बहुतेक ठिकाणी खोली दुपारी तीनलाच मिळते. माझा थोरला अडीच वर्षांचा असताना मी हेच केलं. सकाळी नऊला आम्ही हॉटेलच्या दारात उभे, खोली तीनपर्यंत नाही. मुलगा बॅगांवर डोकं टेकून झोपला, मी शेजारी जमिनीवर बसून राहिले. तीनला खोली मिळाली ती चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती आणि जिना इतका अरुंद की बाबागाडी आडवी करून न्यावी लागली. तेव्हापासून मी लहान मुलं असलेल्या कुटुंबांना मुंबईहून दुपारी सुटून संध्याकाळी पोहोचणारं विमान सुचवते. रात्री नऊच्या सुमारास खोलीत शिरलात तर मुंबईत दीड वाजलेला असतो. मुलं पडल्या पडल्या झोपतात आणि दुसऱ्या दिवशी थोडी उशिरा उठतात. पहाटेचं विमान पुष्कळ स्वस्त मिळत असेल तर घ्या, पण मग आदल्या रात्रीचेही खोलीचे पैसे भरा, म्हणजे पोहोचताच खोली तुमची.

राहण्याच्या जागेवर सगळ्यात जास्त डोकं लावा आणि पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा. मी तीन गोष्टी बघते: इमारतीला लिफ्ट, खोलीला छोटं स्वयंपाकघर, आणि जवळच्या स्टेशनवर रस्त्यापासून फलाटापर्यंत जिना न चढता जाता येणं. लंडनच्या भुयारी रेल्वेतली साधारण एक तृतीयांश स्टेशनंच अशी आहेत. १८६३ सालची ही रेल्वे, जुनी स्टेशनं जिन्यांचीच. सासूबाईंचे गुडघे आणि मुलीची बाबागाडी या दोन्हींसाठी हे बघायलाच हवं. तुमच्यासाठी मी किंग्ज क्रॉस किंवा अर्ल्स कोर्टच्या आसपास सर्व्हिस अपार्टमेंट बघेन. दोन्हीकडे हीथ्रोहून पिकॅडिली लाइन गाडी न बदलता येते आणि दोन्ही स्टेशनांवर लिफ्ट आहे. किंग्ज क्रॉसला सहा लाइन मिळतात. शिवाय मागच्या ग्रॅनरी स्क्वेअरमध्ये जमिनीतून उसळणारी १,०८० कारंजी आहेत. मुलं त्यात भिजतात, फुकट भिजतात आणि बाहेर यायला तयार नसतात. कपड्यांचा एक जोड जवळ ठेवाच. तिथून चालत जाण्याजोगं कोरम्स फील्ड्स हे मुलांचं मैदान आहे. एकेकाळी त्या जागी अनाथ मुलांचं फाउंडलिंग हॉस्पिटल होतं. आज सोबत मूल असल्याशिवाय मोठ्यांना आत प्रवेश नाही. माझी मुलं तिथल्या वाळूत दोन तास खेळली आणि मी त्या दोन तासांत खरी विश्रांती घेतली.

हॅरोच्या दिरांचा प्रश्न नाजूक आहे, पण माझं मत स्पष्ट आहे. आठही दिवस तिथे राहू नका. हॅरोहून शहराच्या मध्यात दारापासून दारापर्यंत तास-सव्वा तास सहज लागतो. दुपारी मुलीला झोपवायला घरी परतणं मग शक्यच नसतं, आणि तुमचा सगळा बेत त्या दुपारच्या झोपेवर उभा आहे. शिवाय दीर-जाऊबाई नोकरीवर जाणार. पाच पाहुण्यांचं आठ दिवस करायचं म्हणजे त्यांची ओढाताण आणि तुम्हाला संकोच. शुक्रवारी संध्याकाळी जा, रविवारी परत या. त्या दोन दिवसांत ते मोकळे असतील, भेट मनासारखी होईल. वेंबलीचा भारतीय दुकानांचा ईलिंग रोड, नीसडनचं १९९५ सालचं संगमरवरी स्वामिनारायण मंदिर त्याच बाजूला आहेत. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ लंडनची वास्तू आहे. १९३२ सालचं मंडळ आहे हे! कार्यक्रम असेल तर सासूबाईंना घेऊन जा.

आता चालणं. आपली मुलं रोज फारशी चालत नाहीत आणि बाबागाडीत बसायचीही त्यांना सवय नसते, कारण मुंबईच्या फुटपाथवर ती चालवायची कुठे? लंडनमध्ये दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणं नकळत होतं. तीन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन ते होत नाही. घडी होणारी हलकी बाबागाडी न्या. विमानाच्या दारापर्यंत ती बहुतेक कंपन्या नेऊ देतात. बसमध्ये तिच्यासाठी मोकळी जागा असते, पण चाकाची खुर्ची असलेला प्रवासी आला तर घडी घालून जागा द्यायची, हा तिथला नियम आहे. सरकत्या जिन्यावर मूल आत असताना बाबागाडी नेऊ नका. मूल कडेवर, गाडी घडी करून नवऱ्याच्या हातात.

बस आणि भुयारी रेल्वेत ११ वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट जातात. तुम्हा तिघांना मात्र तीन वेगळी कॉन्टॅक्टलेस कार्डं लागतील, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. भुयारी रेल्वेत जे कार्ड आत शिरताना टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. तेच कार्ड फोनमधून टेकवलं तर यंत्र त्याला वेगळं समजतं. लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. एका तासात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच पडतं. घाई नसेल तेव्हा बसच घ्या. १५ नंबरची बस टॉवर ऑफ लंडनवरून सेंट पॉल्स कॅथीड्रलजवळून ट्रफाल्गर स्क्वेअरला जाते. वरच्या मजल्यावरची पुढची सीट मिळाली तर वेगळ्या दर्शनबसचे पैसे खर्च करायची गरजच नाही.

एक गोष्ट सात वर्षांच्या मुलाकडून घरीच पाठ करून घ्या. गाडीचं दार बंद झालं आणि तू फलाटावर राहिलास तर तिथेच उभा राहा, आम्ही परत येतो. तू गाडीत राहिलास तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांब. दोन्ही मुलांच्या मनगटावर तुमचा नंबर देशाच्या कोडसकट लिहा.

तुमच्या यादीतलं काय ठेवू, काय काढू? नॅचरल हिस्टरी म्युझियम ठेवा. प्रवेश फुकट आहे, पण वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घ्या आणि दहाला दार उघडताना हजर राहा. मोठ्या दालनात २०१७ पासून निळ्या देवमाशाचा २५.२ मीटर लांबीचा सांगाडा टांगलेला आहे. त्याच्याखाली उभं राहून मुलगा गप्प होईल, बघा. डायनासोरच्या दालनात हलणारा, गुरगुरणारा टी-रेक्स आहे. तीन वर्षांची मुलं तिथे घाबरून रडतात, म्हणून तिथे मुलाला बाबांबरोबर पाठवा आणि मुलीला घेऊन तुम्ही बाहेर थांबा. शेजारच्या सायन्स म्युझियमच्या तळघरात छोट्यांसाठी पाण्याचे खेळ आहेत. दोन्ही एकाच दिवशी करायचा मोह टाळा. त्याच भागात व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे. अनेक जण मला वाघनखांबद्दल विचारतात. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणली आणि आधी साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली. तेव्हा केवळ त्यासाठी तिथे जाणार असाल तर ती सध्या कुठे आहेत ते आधी बघा.

टॉवर ऑफ लंडन हे मुलाचं ठिकाण आहे, मुलीचं नाही. तिथे बाप-लेकाने दोघांनीच जावं. सगळ्यांनी सगळीकडे गेलंच पाहिजे हा हट्ट सोडलात की सहल निम्म्याने सोपी होते. दार उघडताच आधी रत्नांच्या दालनात जायचं. कोहिनूर तिथेच आहे, १९३७ साली राणी एलिझाबेथसाठी, म्हणजे पुढे ज्यांना क्वीन मदर म्हणत त्यांच्यासाठी, बनवलेल्या मुकुटात. उशीर केलात तर लांब रांग लागते. मग तिथले पाळलेले कावळे बघायचे. त्यांची संख्या सहाच्या खाली जाऊ द्यायची नाही अशी तिथली परंपरा आहे.

बकिंगहॅम पॅलेसचा पहारेबदल काढून टाका. तास-दीड तास गर्दीत उभं राहायचं आणि मुलांना दिसतात ती पुढच्यांची पाठ. त्याऐवजी हॉर्स गार्ड्सला जा. घोडेस्वारांचा पहारा रोज ११ ला, रविवारी १० ला बदलतो आणि घोडे अगदी जवळून दिसतात. मग समोरच्या सेंट जेम्स पार्कमध्ये पेलिकन बघा. १६६४ साली रशियाच्या राजदूताने भेट दिले तेव्हापासून तिथे पेलिकन आहेत.

लंडन झूही माझ्या मते नको. तिकीट महाग आहे आणि तिथले हम्बोल्ट पेंग्विन तुमच्या मुलांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत बघितलेच असतील. झूच्या मागे प्रिमरोझ हिल आहे. तिथल्या गवतावर मुलांना लोळू द्या, वरून अख्खं शहर दिसतं. तिथून थोडं चाललं की १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली ते घर विकत घेऊन तिथे संग्रहालय केलं. उघडण्याचे दिवस आणि वेळा आधी बघून जा. मी माझ्या लेकाला तिथे सांगितलं होतं की बाबासाहेब इथून रोज ग्रंथालयात जायचे आणि बंद होईपर्यंत वाचत बसायचे. पुढे कितीतरी वर्षं तो ते घर आठवत होता.

एक दिवस ग्रीनिचसाठी ठेवा. डीएलआर ही मोटरमनशिवाय चालणारी गाडी आहे, त्यामुळे अगदी पुढच्या काचेशी बसता येतं आणि गाडी आपणच चालवतोय असं मुलांना वाटतं. कटी सार्क हे जुनं जहाज बघायचं आणि परत येताना थेम्सवरून बोट. सासूबाईंनाही हा दिवस झेपेल.

खाण्याची काळजी कमी करा. स्वयंपाकघर असलं की कुकर नसला तरी मऊ भात होतो, वर मेतकूट. भाजलेला रवा, पोहे, चिवडा, थेपले, खाकरा न्या. पण दूध, दही, पनीर, पेढे, बर्फी असे दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून नेता येत नाही. बाळाचं बंद डब्यातलं दूध-पावडर चालतं. मे महिना म्हणून दिरांसाठी हापूसची पेटी न्यायचं मनात असेल तर फळं नेण्याचे नियम आधी तपासा.  हापूस मे महिन्यात वेंबलीच्या दुकानांतही मिळतो. दुकानात दुधाच्या बाटलीचं झाकण बघा: निळं म्हणजे सायीचं पूर्ण दूध, हिरवं म्हणजे अर्धी साय काढलेलं, लाल म्हणजे साय पूर्ण काढलेलं. मुलांना निळं. नळाचं पाणी प्यायला चालतं. दुपारचा डबा बरोबर घ्या, मोठ्या म्युझियममध्ये घरचं खायला जागा असते. बाहेरचं शाकाहारी हवंच असेल तर यूस्टन स्टेशनमागच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळ, डोसा मिळतो.

औषधांबद्दल एकच, पण महत्त्वाचं. पॅरासिटामॉलचं सिरप इथूनच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. तिथे ते दर ५ मिलिलिटरला १२० आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. घाईत बाटली बदलली तर डोस दुप्पट होतो. सल्ल्यासाठी १११, तातडीसाठी ९९९. सासूबाईंचा विमा घेताना बीपी, शुगर काही असेल ते लपवू नका. रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर परदेशी पाहुण्यांना मोठं बिल येतं आणि लपवलेल्या आजारावर विमा कंपनी पैसे देत नाही.

कागदपत्रांत आधी मुलांचे पासपोर्ट तपासा. ते पाच वर्षांचेच असतात आणि मुलाचा बाळपणी काढलेला असेल तर संपत आला असेल. व्हिसा प्रत्येकाचा वेगळा, लहानग्यांचाही. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. एप्रिलमध्ये मुंबईत फार गर्दी होते, फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, पण फोटोसाठी मुलीला न्यावं लागतं. तारखा ठरवताना मेचा शेवटचा आठवडा शक्यतो टाळा. तिथल्या शाळांना तेव्हा सुट्टी असते आणि सगळी म्युझियमं मुलांनी भरतात.

तिकिटं काढण्याआधी एका शनिवारी मुंबईतच सराव करा. मुलुंडहून लोकलने सीएसएमटी, डबा आणि बाबागाडी बरोबर, आजीही बरोबर. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं मुलांचं दालन बघा, मग बेस्टच्या लाल डबलडेकरमध्ये बसा. ओव्हल मैदानावरून मुलाला राजाबाई टॉवर दाखवा आणि सांगा की तो ज्यांनी आखला त्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनीच आखलेलं एक मोठं हॉटेल किंग्ज क्रॉसच्या शेजारी, सेंट पँक्रसला दिसणार आहे. त्या दिवशी मुलगी किती वाजता थकली, सासूबाई कुठे बसल्या, तुमची चिडचिड कधी सुरू झाली, ते लिहून ठेवा. त्या कागदावरून मी तुम्हाला लंडनचे आठ दिवस आखून देईन.

आणखी एक. तुमची यादी मी दोनदा वाचली. मुलांची ठिकाणं आहेत, तुमची आहेत, नवऱ्याचं क्रिकेटचं मैदानही आहे. सासूबाईंचं एकही नाही. कदाचित त्यांना कुणी विचारलंच नसेल, आणि विचारल्यावर त्या म्हणतील, "मला काय, तुम्ही न्याल तिथे." त्यावर थांबू नका, परत विचारा. माझ्याकडे आलेल्या एका आजींनी तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं होतं की त्यांना नदीकाठच्या बाकावर एकटीने तासभर बसायचंय, हातात कुणाचंही मूल नको. त्यांच्यासाठी आम्ही साउथ बँकवरची एक अख्खी संध्याकाळ मोकळी ठेवली होती.